एमी पोस्टने न फेकलेली पत्रं

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची एखादी ओळ, शेजारी पांढऱ्या झग्यातली बाई, मागे धुकं. माझ्या फीडवर आठवड्यातून एकदा तरी ही पोस्ट येतेच आणि खाली ‘किती एकाकी जीव’ अशा कमेंटी. या एकाकी जिवाच्या पत्रांची २०२४ साली नवी आवृत्ती आली, तिच्यात १,३०४ पत्रं आहेत. सापडली तेवढीच. १८६२च्या एप्रिलमध्ये तिने टॉमस हिगिन्सन या लेखकाला चार कविता पाठवून विचारलं, माझ्या ओळी जिवंत आहेत का? पत्राखाली सही नाही. नाव वेगळ्या कार्डावर, ते कार्ड आणखी एका लहान पाकिटात. बाई घराबाहेर पडत नसेल, पण समोरच्याला कसं गुंतवून ठेवायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

१८८६ साली ती गेली आणि तिच्याच इच्छेनुसार बहीण लव्हिनियाने तिला आलेली पत्रं जाळून टाकली. त्यामुळे शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असावं आणि आपल्याला एकच बाजू ऐकू यावी, तसं होतं तिचं वाचताना. आणि ती एक बाजू उरली, कारण ज्यांना पत्रं गेली त्यांनी ती ठेवली. एवढी साधी गोष्ट, पण बायकांच्या पत्रांबद्दल बोलताना आपण लिहिणारीच्याच नावाने आरत्या ओवाळतो. ठेवणारीचं नावही घेत नाही.

मला ज्या ठेवणारीबद्दल लिहायचंय ती एमी पोस्ट. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरातली, गुलामगिरीविरोधी चळवळीतली. तिची मैत्रीण हॅरिएट जेकब्स.

हॅरिएट नॉर्थ कॅरोलिनातल्या इडन्टनची, जन्माने गुलाम. मालकाच्या वासनेपासून सुटायला ती पळाली आणि आजीच्या घराच्या माळ्यावर लपली. माळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, सगळ्यात उंच जागी तीन फूट. तिथे जवळजवळ सात वर्षं. ताठ बसताही येत नसे. तिथून ती पत्रं लिहायची! ओळखीच्या खलाशाबरोबर ही पत्रं न्यूयॉर्कला जायची आणि तिथल्या टपालाचा शिक्का घेऊन परत याच गावात यायची, म्हणजे मालकाला वाटावं पाखरू कधीच उत्तरेला उडालं. पत्त्यासाठी रस्त्यांची नावं कुठून मिळवली, तर न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राच्या जुन्या तुकड्यावरून. एकदा मालक आजीकडे आला आणि ‘हॅरिएटचं पत्र’ वाचून दाखवू लागला. खरं पत्र त्याने दाबून ठेवलं होतं, हे त्याने स्वतः रचलेलं. हॅरिएट दाराआड बसून ऐकत होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून घरात एक फेरी मारून आले.

१८४२ला ती खरोखरच उत्तरेला पोचली. पुढे मुलं सांभाळायची नोकरी केली. आपली कहाणी लिहावी असं एमीने तिच्या मागे लागून पटवलं. १८५३च्या सुमारास हॅरिएट बीचर स्टो यांचं नाव दुमदुमत होतं, ‘अंकल टॉम्स केबिन’ ही त्यांची गुलामगिरीवरची कादंबरी घराघरांत गेली होती. त्या मदत करतील म्हणून एमीने त्यांना पत्र लिहिलं, त्यात हॅरिएटच्या आयुष्यातल्या खाजगी गोष्टीही आल्या. स्टोबाईंनी काय करावं? ते पत्रच हॅरिएट जिथे नोकरीला होती त्या घरच्या मालकीणबाईंकडे पाठवून दिलं, हे खरं का म्हणून! आपल्या स्वतःच्या मुलांचा बाप कोण हे हॅरिएटने मालकीणबाईंना तोवर सांगितलेलं नव्हतं. वर स्टोबाईंचं म्हणणं, खरं असेल तर मी माझ्या पुढच्या पुस्तकात वापरीन. हॅरिएटने नंतर स्वतः पत्रं लिहिली, उत्तर नाही. स्टोबाईंच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण हे मी त्यांना माफ करू शकत नाही. सभेत भाषण ठोकणाऱ्या, पण समोरच्या बाईचा शब्द दुसऱ्या ‘बऱ्या घरच्या’ बाईला विचारून घेणाऱ्या ताई आपणही पाहिल्यात.

मग हॅरिएटने स्वतःच लिहिलं, रात्री, मालकीणबाईंचं बाळ झोपल्यावर, त्या घरच्या मालकापासून लपवून. १८६१ला पुस्तक आलं, टोपणनावाने, संपादक म्हणून लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांचं नाव. आणि तिथेच घात झाला. विसाव्या शतकातले कितीतरी विद्वान म्हणत राहिले, ही कादंबरी, चाइल्डबाईंनीच लिहिलेली. गुलाम बाईला असं लिहिता येणं शक्य नाही.

ते खोडून काढलं कशाने? पत्रांनी. जीन फेगन येलिन या संशोधिकेने रॉचेस्टरच्या विद्यापीठात पोस्ट कुटुंबाच्या कागदांमधली हॅरिएटची पत्रं वाचली. पुस्तक कसं चाललंय, कुठे अडलंय, सगळं त्यात. १९८७ला पुस्तक तिच्या नावाने, पुराव्यांसकट निघालं. एमीच्या घरी कुणी साफसफाई काढली असती तर हॅरिएट जेकब्स आजही ‘काल्पनिक पात्र’ असती.

(घर बदलताना आत्याची इनलंड पत्रं मी रद्दीत दिली. तब्येती आणि लग्नं, यात काय ठेवायचं, असं तेव्हा म्हटलं होतं. असो.)

आनंदीबाई जोशींचंही तेच. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांची पत्रं जपली, म्हणून कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेला १८८८च्या चरित्रात आनंदीबाईंचे स्वतःचे शब्द घालता आले. ते चरित्र काढणारी प्रकाशनसंस्था बोस्टनची रॉबर्ट्स ब्रदर्स, म्हणजे ‘लिटल विमेन’ ही कादंबरी काढणारीच.

पुन्हा हॅरिएटकडे. एमीला लिहिलेल्या एका पत्रात ती म्हणते, बिचारं पुस्तक सध्या कोशात आहे. त्याचं फुलपाखरू काही मला करता येणार नाही, साध्यासुध्या किड्यांमध्ये निमूट सरपटत राहिलं तरी पुष्कळ. तिच्या या पत्रांमध्ये पूर्णविराम फारसे नाहीत, शब्दही हवे तसे लिहिलेले. रात्र बरीच झालेली असणार, किंवा बाळ उठलेलं.