‘कॅनडा फुकट क्रॅक वाटतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मराठी मेसेज नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात तो असा : कॅनडाच्या ओटावा शहराच्या आरोग्य खात्याने क्रॅक कोकेन ओढणाऱ्यांना सरकारी पैशाने पाईप आणि माल वाटला. क्रॅक ओढणाऱ्याला एड्स होतच नाही, तेव्हा ‘आजार टाळायला वाटतो’ हे दिलेलं कारण ही निव्वळ थाप होती. नशेखोर दुप्पट झाले. शेवटी जनतेने ते हाणून पाडलं, कॅनडानेही चूक कबूल केली. अमेरिकेने मात्र कडक कायद्याने क्रॅक संपवला. तेव्हा आपल्याकडच्या ‘सुया वाटणाऱ्या एनजीओं’ना वेळीच हाकला.

मला तो मावशीने पाठवला. तिचा मुलगा मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात आउटरीच वर्कर आहे. इंजेक्शनने गर्द, म्हणजे हेरॉइन, घेणाऱ्यांना नव्या सुया देणं, वापरलेल्या परत गोळा करणं, एचआयव्हीच्या तपासणीला घेऊन जाणं, ओएसटीच्या, म्हणजे गर्दऐवजी देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या औषधाच्या, गोळीसाठी नाव नोंदवणं, हे त्याचं काम. मेसेजखाली मावशीने लिहिलं होतं, ‘तू ओटावातच राहतेस ना? खरंय का हे? याला समजाव, दुसरी नोकरी बघ म्हणावं.’ तेवढ्यावर थांबलं असतं तर मी फोनवर बोलून मोकळी झाले असते. पण चार दिवसांनी तिथल्याच एका मंडळाची माणसं त्या मेसेजची प्रिंट घेऊन त्यांच्या ड्रॉप-इन सेंटरवर आली, आणि ‘हे बंद करा नाहीतर आम्ही करू’ असं बजावून गेली. मी राहते त्या शहराच्या नावावर कुणीतरी खोटं लिहितं आणि त्यापायी माझ्या भावाला दमदाटी होते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

‘पाईप आणि माल वाटला.’ साफ खोटं. माल कधीच कुणी दिला नाही. एप्रिल २००५ मध्ये ओटावाच्या आरोग्य खात्याने जे द्यायला सुरुवात केली ती एक छोटी पिशवी होती : उष्णतेला न तडकणारी काचेची नळी, तिच्या तोंडाला लावायचा रबरी तुकडा, आत बसवायची पितळी जाळी, ती दाबून बसवायला एक काडी आणि ओठांना लावायचं मलम. क्रॅक ज्याचा त्याने बाहेरून आणलेला. मेसेज लिहिणाऱ्याला हे कळायला पाच मिनिटं पुरली असती.

आता तो मुद्दा, ज्यामुळे माणसं मरतात : ‘क्रॅक ओढणाऱ्याला एड्स होतच नाही, सुई नाही तिथे रक्त नाही.’

हे वाचायला इतकं पटण्यासारखं आहे की शिकलेली माणसंही मान डोलावतात. म्हणून जरा खोलात जाते. क्रॅक म्हणजे कोकेनची पावडर खायच्या सोड्यात आणि पाण्यात तापवून केलेले खडे. त्यांची वाफ ओढली की काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते, आणि पाच-दहा मिनिटांत उतरते. उतरली की पुन्हा हवी. त्यामुळे ओढणारा दिवसभरात पुन्हा पुन्हा ओढतो आणि नळी थंड व्हायला वेळच मिळत नाही. खिशात पैसे असतात ते खड्याला, नळीला नाहीत. मग फुटलेल्या बाटलीचा गळा, कोल्ड्रिंकचा डबा, गाडीच्या अँटेनाचा तुकडा, जे हाती लागेल ते. आत जाळी म्हणून भांडी घासायची तारेची घासणी. तापलेली काच तडकते, तिची धार ओठात जाते. धातूची नळी ओठ भाजते. घासणीचे तुटलेले तुकडे श्वासाबरोबर घशात जातात. ओटावात हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जातो, धडधाकट माणसाचेही ओठ फुटून रक्त येतं. त्या थंडीत एका आडोशाला तिघं-चौघं बसलेली, नळी एक, आणि ती या फुटलेल्या ओठांवरून त्या फुटलेल्या ओठांवर फिरतेय. रक्त कुठून आलं, हे आता वेगळं सांगायला नको. त्या पिशवीत रबराचा तुकडा आणि ओठांचं मलम का होतं, तेही.

आणि नळी ज्याची, त्याचा शब्द चालतो. स्वतःची नळी नसलेल्या बाईला ती ज्याच्याकडे आहे त्याच्या मागे जावं लागतं, आणि तो त्याबदल्यात काय मागतो ते मी इथे लिहीत बसत नाही. क्रॅक आणि लैंगिक आजार यांचं नातं अमेरिकेने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चांगलंच भोगलंय. तिथे सिफिलिसची साथ १९९० मध्ये शिगेला पोचली, चाळीसच्या दशकानंतरचा तो उच्चांक होता, आणि क्रॅकसाठी होणारा देहविक्रय हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

‘पुरावा दाखवा’ म्हणणाऱ्यांसाठी : व्हँकुव्हरमध्ये १९९६ पासून इंजेक्शनने नशा करणाऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा चालू आहे. त्यातल्या १०४८ जणांची २००५ पर्यंतची माहिती कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००९ मध्ये छापून आली. या काळात १३७ जणांना नव्याने एचआयव्हीची लागण झाली. रोज क्रॅक ओढणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीच्या टप्प्यात ११.६ टक्के होतं, शेवटच्या टप्प्यात ३९.७ टक्के झालं. आणि त्या शेवटच्या टप्प्यात रोज क्रॅक ओढणाऱ्याला लागणीचा धोका न ओढणाऱ्याच्या २.७४ पट होता, सुया आणि इतर कारणं हिशेबातून वेगळी काढल्यानंतर. विषाणू नेमका नळीच्या रक्तातून गेला की असुरक्षित संबंधांतून, हे या आकड्यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य. हिपॅटायटिस सीचंही तसंच. टोरोंटोच्या संशोधकांनी पाईप तपासले तेव्हा विषाणू एकाच पाईपवर मिळाला. एकावरच का होईना, मिळाला. ‘सुई नाही तिथे रक्त नाही’ हे विधान तिथेच संपतं. आणि जो माणूस हा मेसेज वाचून ‘मी तर फक्त ओढतो’ म्हणत तपासणी टाळेल, त्याचं काय? माझा भाऊ असल्याच मुलांना तपासणीला नेण्यासाठी त्यांच्या मागे महिनोन्‌महिने फिरत असतो.

‘नशेखोर दुप्पट झाले.’ हा आकडा कुठला, मेसेज सांगत नाही. ओटावात प्रत्यक्ष काय झालं ते मोजलेलं आहे. ओटावा विद्यापीठातल्या लिन लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी, इंजेक्शन घेणाऱ्या आणि क्रॅकही ओढणाऱ्या अशा एकूण ५५० जणांना, वाटप सुरू होण्याआधी आणि नंतर एक, सहा आणि बारा महिन्यांनी प्रश्न विचारले. आधीच्या महिन्यात इंजेक्शन घेतलं असं सांगणारे वाटपाआधी ९६ टक्के होते, वर्षभरानंतर ७८ टक्के. एकच पाईप दर वेळी दुसऱ्यासोबत वापरण्याचं प्रमाणही घटलं. कारण लोकांनीच सांगितलं : पाईप सहज मिळतो, म्हणून टोचणं कमी झालं.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे सुई सोडून पाईपकडे वळले, नशा कुठे सुटली? बरोबर. नशा सुटली असा दावा त्या संशोधकांनीही केलेला नाही. माणसांनी स्वतःच्या तोंडाने दिलेली ही माहिती आहे, तीही एका वर्षाची, हेही खरं. पण सुईवरून नळीवर येणं ही आरोग्य खात्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. सुईतून रक्त थेट रक्तात जातं. शिवाय एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी लक्षात घेत नाही. गर्दवाल्याला ओएसटी आहे, ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवली की गर्द न मिळाल्याने होणारा त्रास थांबतो आणि माणूस कामावर जाऊ शकतो. क्रॅकला तसं मान्यताप्राप्त औषधच नाही. समुपदेशन, राहायला जागा आणि विश्वासाचं माणूस, एवढंच हाताशी असतं. असा माणूस आरोग्य खात्याच्या दारात दुसऱ्या कशासाठी येणार? नळी घ्यायला येतो तेव्हाच नर्सला त्याचे ओठ दिसतात, खोकला ऐकू येतो, तपासणीचं विचारता येतं. व्हँकुव्हरच्या पाठपुराव्यातही हेच दिसलं. फक्त आरोग्य केंद्रांतूनच पाईप घेणारे २००५ मध्ये सुमारे ७ टक्के होते, २०१४ पर्यंत ते ६२ टक्क्यांवर गेले, आणि त्याच काळात क्रॅक ओढण्यामुळे होणाऱ्या तक्रारी कमी होत गेल्या.

‘जनतेने हाणून पाडलं.’ जुलै २००७ मध्ये ओटावाच्या नगर परिषदेने मतदान करून कार्यक्रम बंद केला, एवढं खरं. तो बंद करू नका असं सांगणारा माणूस शहराचाच आरोग्य अधिकारी होता, डॉ. डेव्हिड सॅलिसबरी, हे मेसेजमध्ये नाही. नगरसेवकांनी स्वतःच्या डॉक्टरचा सल्ला बाजूला ठेवला. पुढे काय झालं, तेही मेसेजमध्ये नाही : काही महिन्यांतच ओंटारियो प्रांताने पैसे दिले आणि सॉमरसेट वेस्ट या सामुदायिक आरोग्य केंद्रामार्फत वाटप पुन्हा सुरू झालं. २०१४ पासून तर प्रांतभरातल्या केंद्रांना हे साहित्य प्रांताच्या यंत्रणेतून मिळू लागलं.

‘कॅनडाने चूक कबूल केली.’ इथे मेसेजवाल्याच्या हाती अर्धं सत्य आहे, आणि ते मला नाइलाजाने द्यावं लागतं. ब्रिटिश कोलंबिया या प्रांताने जानेवारी २०२३ मध्ये थोड्या प्रमाणात अमली पदार्थ बाळगणं गुन्हा न मानण्याचा प्रयोग सुरू केला, आणि मे २०२४ मध्ये सार्वजनिक जागांपुरता तो मागे घेतला. बागेत, बसस्टॉपवर, दवाखान्यात उघड नशा होऊ लागली होती, लोक वैतागले होते, आणि त्यांचं वैतागणं खोटं नव्हतं. ओंटारियोने ऑगस्ट २०२४ मध्ये शाळा आणि पाळणाघरांपासून २०० मीटरच्या आतली, देखरेखीखाली नशा करू देणारी दहा केंद्रं बंद करण्याचं जाहीर केलं. त्यात वर म्हटलेलं सॉमरसेट वेस्टचं केंद्रही होतं. मी त्या भागातून जाते. पायऱ्यांवर फुटलेल्या नळ्या मीही पाहिल्या आहेत आणि तिथल्या आईबापांचा राग मला समजतो. पण कायद्यातली सूट ही एक गोष्ट, देखरेखीची खोली ही दुसरी, आणि स्वच्छ नळी किंवा सुई देणं ही तिसरी. मेसेजने पहिल्या दोन गोष्टींवरचा लोकांचा राग उचलून तिसरीवर टाकलाय. आणि कॅनडात २०१६ नंतर नशेच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचं जे थैमान सुरू झालं ते फेंटानिल या अतिशय जहाल कृत्रिम अमली पदार्थाचं आहे. ज्या अमेरिकी राज्यांनी कधी एक नळी वाटली नाही तिथेही ते पोचलं.

‘अमेरिकेने कडक कायद्याने क्रॅक संपवला.’ १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली, तीच पावडर कोकेनला ५०० ग्रॅमवर. पदार्थ एकच, फरक शंभरपट. तुरुंग गरीब काळ्या तरुणांनी भरले. २०१० मध्ये अमेरिकी संसदेनेच हे प्रमाण अठरापटीवर आणलं. क्रॅक आजही तिथे विकला जातो. यावर जास्त लिहायची गरज नाही.

उरला शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हा सगळा मेसेज रचलाय : ‘सुया वाटणाऱ्या एनजीओंना हाकला.’ मंडळाच्या मंडळींना वाटतं की हा कुठल्या परदेशी संस्थेचा उद्योग आहे. हा भारत सरकारचा कार्यक्रम आहे. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, तो राबवते, आणि मुंबईत मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था. सरकारच्याच २०१७ च्या सर्वेक्षणात गरोदर स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२८ टक्के होतं आणि इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये ६.२६ टक्के. या मुलांना घरं आहेत, काहींना बायका आहेत. सेंटर बंद केलं तर गल्लीत सुया कमी होणार नाहीत, कारण वापरलेल्या सुया वेचून परत नेणारी माणसंच तिथून जातील.

आणि ‘हे बेकायदा आहे’ असं जे दारात उभं राहून सांगितलं गेलं, त्याचं उत्तर संसदेने दिलेलं आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्याचं कलम २२ म्हणतं की एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी राबवलेल्या उपायांवर बंदी घालता येणार नाही, आणि ते करणाऱ्याने गुन्हा केला असंही मानलं जाणार नाही. त्या कलमाखाली दिलेल्या उदाहरणांमध्ये नशा करणाऱ्याला स्वच्छ सुई देणाऱ्याचं उदाहरण आहे. मावशी, हे पान मी तुला ग्रुपवर वेगळं पाठवलंय. त्याची प्रिंट काढून मंडळाच्या अध्यक्षांना दे, आणि मला फोन करायला सांग. मी त्यांच्याशी बोलेन.