गॅसवाले कोण ओ?

"गॅसवाले कोण ओ?"

कंपाउंडर पोरानं भरल्या दवाखान्यात असं ओरडून विचारलं, तेव्हा कुणी सिलिंडर घेऊन आलंय की काय म्हणून मी दाराकडं बघितलं. बाकीचे सगळे माझ्याकडं बघत होते. चिठ्ठीवर नाव दिलं होतं, आडनाव दिलं होतं, वयसुद्धा खरं दिलं होतं. त्यातलं काहीच त्याला हाक मारायला पुरेसं वाटलं नाही. वर, "अजून दोघं हायत तुमच्या पुढं, बसा," म्हणाला. मग ओरडला कशाला?

शहापुरात लग्नाला जेवलो होतो आणि शेवटी गोडाला कुंदा होता, एवढं सांगितलं की बेळगावात पुढचं सांगावं लागत नाही. आटवलेल्या दुधातली स्निग्धता जठरातून सावकाश पुढं सरकते. माझ्या जठरानं तर तिला मुक्कामालाच ठेवून घेतलं.

शेजारी खानापूरकडचे एक मामा गुडघा चोळत बसले होते. आता सगळ्यांना माझा आजार कळलेलाच होता, त्यामुळे त्यांनी ओळखबिळख विचारण्यात वेळ घालवला नाही.

"कुठं जेवलासा?"

"लग्नात."

"भात होता?"

"होता."

"लई खाल्लासा?"

"नाही ओ, बेताचा."

"म्हशीला इचारलं तर तीबी असंच म्हणंल."

समोरच्या बाकावर हसू फुटलं. मामा मात्र गंभीर होते. त्यांच्या गावातल्या लग्नाचा उरलेला भात कुणीतरी त्यांच्या म्हशीला घातला होता आणि रात्रीत ती फुगली होती. कुठं फुगली हे दाखवायला त्यांनी माझ्या डाव्या कुशीत दोन बोटं खुपसली. "हितं. ह्या खड्ड्यात."

"मामा, तिथं तिचं कोठीपोट असतं. मला कोठीपोट नाही."

"मग काय हाय?"

"एकच जठर."

"एकच?" त्यांनी माझ्याकडं इतक्या कणवेनं बघितलं की मला खरोखरच काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. मग बाकाकडं वळून जाहीर केलं, "ह्यास्नी एकच पोट हाय, आन् त्यात एवढा भात!"

एक कानडी बाई पुढं सरकल्या. "होट्टि नोवेनरी?" म्हणजे पोट दुखतंय का, असं मला विचारलं, पण उत्तर मामांनी दिलं. तेही अस्खलित कानडीत, म्हशीसकट.

मी शाळामास्तर नाही, पण चार लोकांत अब्रू गेली की माणूस विज्ञानाचा आधार घेतो. मी सांगायला लागलो. म्हशीचं पोटही एकच, त्याला कप्पे चार. पहिल्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, शंभर लिटरच्या वर ऐवज मावतो, तिथं जंतू कडबा आंबवतात, तो परत तोंडात येतो, त्याचा रवंथ होतो. आपल्या जठरासारखं आम्ल फक्त चौथ्या कप्प्यात सुटतं. कोठीपोट एरवी फारसं आंबट नसतं. तिथं शिजलेला भात एकदम पडला की जंतू त्याचं भराभर लॅक्टिक आम्ल करतात आणि जनावर लोळतं. माझं उलट आहे. माझ्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असायलाच हवं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप ढिली पडली की ते वर येतं आणि छाती जळते.

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे दोघास्नीबी आंबटच झालं की."

"म्हशीला काय दिलं?" बाकावरून कुणीतरी विचारलं.

"खायचा सोडा."

सकाळी मी तोच पिऊन निघालो होतो. हे तिथं सांगायची काही गरज नव्हती.

खरं तर म्हैस दिवसाला शेकडो लिटर वायू ढेकरेतून सोडते. तिला कधी कुणी चारचौघांत "गॅसवाली" म्हणून हाक मारली आहे?

आत डॉक्टर मोबाईलवर प्लॉटच्या भावाबद्दल बोलत होते. बोलता बोलता भुवई उचलली, मी "जळजळ" म्हणालो, त्यांनी गोळ्या लिहिल्या. पोटाला हात नाही, जीभ बघणं नाही. दोनशे रुपये. 1822 साली अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाच्या पोटाला बंदुकीची गोळी लागून भोक पडलं, ते बुजलंच नाही. विल्यम बोमाँट या डॉक्टरनं त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधून मांसाचे तुकडे आत सोडले, बाहेर काढून तपासले, वर्षानुवर्षं वह्या भरल्या आणि 1833 साली पुस्तक छापलं. त्या बिचाऱ्याचा छळ झाला म्हणतात. झाला असेल, पण त्याच्या पोटात डॉक्टरनं बघितलं तरी.

बाहेर मामा होतेच.

"हात लावला पोटाला?"

"नाही."

"आमचा जनावराचा डागदर रात्री अकराला गाडी मारून आला. कुशीत मूठ दाबून, घड्याळ लावून कोठा कितीदा हलतोय मोजत बसला. मिनिटाला एक-दोनदा हलाय पायजे म्हणाला." त्यांनी खिशातून फोन काढला. "नंबर लिवून घ्या. खरं, म्हशीचं म्हणून सांगा. न्हाईतर यायचा न्हाई."