सोपा, सोफा आणि पुराचं पाणी: ‘रंकाळ्याचा म्हातारा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘रंकाळ्याचा म्हातारा’ या नावानं लिहिता आणि वय सदुसष्ट सांगता, म्हणून काका म्हणते. ‘येत्या दोन वर्षांत आपली घरं कशी दिसतील’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि आधी रागच आला. सकाळी चहाबरोबर परत वाचली, तेव्हा जरा उतरला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं की, मी लिहिलेलं सगळं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांतून उचललेलं आहे. त्यातलं निम्मं, म्हणजे चुन्याच्या भिंती, लाल कोबा, वेताच्या खुर्च्या, त्यांच्या आजीच्या घरात होतंच आणि आम्ही डिझायनर लोक आता तेच दामदुपटीनं विकतो. कारखान्यातून तयार खोकी येतात त्या मॉड्युलर फर्निचरनं सुतारांच्या पोटावर पाय आणला. आणि शेवटी, “नदीला पाणी आलं की तुमचं ते फ्लुटेड पॅनेल पोहायला शिकणार काय?”

(फ्लुटेड पॅनेल म्हणजे भिंतीला लावायचा उभ्या खाचांचा सजावटीचा तक्ता.) हे शेवटचं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो अजून हसतोय.

तर पुरापासूनच सुरुवात करते, कारण तिथं तुमचं बरोबर आहे आणि मी मुद्दाम गप्प बसले होते. माझं माहेर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत. २०१७ साली नव्या धंद्याच्या हौसेनं मी आईचं स्वयंपाकघर मॉड्युलर करून दिलं. ट्रॉल्यांची खोकी एमडीएफची, शटर पांढरी चकचकीत. वडिलांनी घातलेला जुना कडाप्प्याचा ओटा मी फोडणारच होते, पण आई अडून बसली म्हणून खिडकीकडची एक बाजू वाचली. मग आला २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे नदीकाठच्या पेठांतल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. ओसरल्यावर घरात शिरलो तर माझी खोकी चहात बुडवलेल्या बटरसारखी फुगलेली. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटद्रव्यात दाबून केलेला बोर्ड. कडेनं पाणी आत गेलं की तंतू फुगतात आणि वाळल्यावरही पहिल्यासारखे बसत नाहीत. बिजागऱ्यांचे स्क्रू मी बोटांनी उपसून काढले. तोवर आईनं कडाप्प्यावरचा गाळ खराट्यानं ओढला, चार बादल्या पाणी मारलं आणि संध्याकाळी त्याच ओट्यावर शेगडी मांडून चहा केला. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिथं विटांचे आडोसे आणि कडाप्प्याच्या फळ्या घातल्या. शटर ॲल्युमिनियमची, उचलली की निघून येतात अशी. प्लगचे बोर्ड खांद्याच्या उंचीवर नेले. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा शटर आधीच माळ्यावर गेली होती. नंतर फक्त घर धुवावं लागलं.

दुकानात ‘वॉटरप्रूफ प्लाय’ म्हणून जे मिळतं त्याबद्दलही सांगून टाकते. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला प्लाय चांगलाच असतो. त्याचा नमुना ७२ तास पाण्यात उकळून, थर सुटतात का ते बघतात. सिंकखालच्या कपाटाला तोच वापरा. पण प्रयोगशाळेतलं स्वच्छ उकळतं पाणी वेगळं आणि आठवडाभर घरात मुक्काम ठोकलेलं पंचगंगेचं गढूळ पाणी वेगळं. प्लाय तगला तरी वरचा लॅमिनेट कडेला उचकटतो आणि आतल्या गाळाचा वास पुढच्या दिवाळीपर्यंत जात नाही. तेव्हा घर कळंब्याला किंवा पाचगावच्या चढावर असेल तर हवं ते करा. दुधाळी, रमणमळा, शाहूपुरीचा सखल भाग, इथं तळमजल्यावर चार फुटांच्या खाली दगड, वीट, फरशी आणि धातू, एवढंच. हे लेखात यायला हवं होतं. आलं नाही, कारण ते लिहायचं तर आईच्या ओट्याची गोष्ट सांगावी लागली असती.

आता आजीच्या घराकडे वळू. चुन्याबद्दल तुमचं निम्मं पटतं. बाजारात ‘लाइमवॉश’ म्हणून जे खपतं त्यातलं बरंचसं चुन्याचा आव आणणारा ॲक्रिलिक रंग असतो. भिजवलेला खरा चुना भिंतीत मुरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू परत चुनखडीसारखा घट्ट होतो. भिंतीचा श्वास त्यानं कोंडत नाही. आपल्या पेठांतल्या जुन्या दगड-मातीच्या भिंतींवर लोक सिमेंटचा गिलावा करतात, वर प्लॅस्टिक पेंट देतात, आणि दोन पावसाळ्यांत खालून हातभर खपल्या सुटल्या की रंगाऱ्याला शिव्या घालतात. बिचाऱ्या रंगाऱ्याचा काय दोष? जोत्यातून चढणाऱ्या ओलीला बाहेर पडायला वाटच ठेवली नाही. अशा भिंतीला चुनाच हवा, ट्रेंड असो वा नसो. आधीच ऑइल पेंट मारलेल्या भिंतीवर मात्र खरा चुना धरत नाही, तो सगळा खरवडावा लागतो. आणि आपल्या पावसात बाहेरच्या बाजूला दर वर्ष-दोन वर्षांनी नवा हात द्यावा लागतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं बरं.

पण “आजीच्या घरात फुकट होतं” हे मला पटत नाही, काका. फुकट कुणाला? माझी आजी कागलकडची. दर आठवड्याला ती गुडघ्यांवर बसून सोपा, म्हणजे घराचा पुढचा बसाउठायचा भाग, आणि माजघर सारवायची. कोबा घातल्यावर ते सुटलं, पण घासणं आलं. दिवाळीआधी चुना भिजवायचा, त्यात नीळ घालायची आणि भिंती ओढायच्या, हे घरातल्या बायकाच करायच्या. हाताची आग व्हायची. चुलीच्या धुरानं स्वयंपाकघराची भिंत काळी, खिडकी वीतभर. ते घर मलाही आवडतं, पण त्याची आठवण काढणारे बहुतेक सोप्यावर बसणारे असतात, सारवणारे नसतात. आजी सत्तराव्या वर्षी माझ्याकडे राहायला आली आणि पहिल्यांदा सोफ्यावर बसली तेव्हा म्हणाली, “उठाय-बसाय बरं हाय गं.” गुडघ्यांचं काय झालं होतं ते तिलाच माहीत. सोपा गेला आणि सोफा आला याचं मला तुमच्याइतकं वाईट वाटत नाही, ते यामुळे.

रंगाची तुम्ही थट्टा केलीत ती आवडली. दर वर्षी ‘वर्षाचा रंग’ जाहीर करणाऱ्या पँटोन कंपनीनं २०२५ साठी ‘मोका मूस’ हा कॉफीसारखा तपकिरी रंग काढला आणि २०२६ साठी ‘क्लाउड डान्सर’, म्हणजे जवळजवळ पांढराच. “पांढरी भिंत आणि तांबडा रस्सा, कोल्हापुरात जमणार कसं?” काका, आपल्याकडे पांढरा रस्साही असतोच की! जेवणाच्या टेबलामागची भिंत पुसता येईल अशी ठेवायची, बाकी पांढऱ्याला हरकत नाही. उजेड मात्र पिवळसर हवा, ३००० केल्विनच्या आसपास (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, दिव्याच्या खोक्यावर असतं). ६५०० केल्विनच्या निळसर ट्यूबखाली तीच भिंत दवाखान्यासारखी दिसते.

एका चुकीवर तुम्ही बोट ठेवलं नाहीत, म्हणून मीच ठेवते. भिंत नसलेलं, हॉलला उघडं स्वयंपाकघर येतंय असं मी लिहिलं. तेव्हा मे महिन्यातला कांदा-लसूण चटणीचा दिवस डोळ्यांसमोर नव्हता. मिरची-खोबरं भाजायला घेतलं की गल्ली शिंकते, तिथं हॉलमधल्या सोफ्याच्या कापडाचं काय होईल? चिमणी कितीही मोठी लावा, ठसका तिच्याआधी पलंगापर्यंत पोचलेला असतो. राजारामपुरीतल्या एका घरात काचेचा सरकता दरवाजा केलाय. एरवी उघडा, फोडणीच्या वेळी बंद. यापुढं मी तोच सुचवीन.

सुतारांबद्दल फार लांबण लावत नाही, कारण तिथं मलाही उत्तर सापडलेलं नाही. माझ्याकडचे सुतार मिस्त्री आता तयार खोकी जोडतात, रंधा महिनोन्‌महिने हातात येत नाही. पैसे मिळतात, पण सांधा करायचा विसरेन म्हणतात. आपल्या शहराकडून मला जास्त आशा आहे ती लोखंडाची. शिरोलीला आणि उद्यमनगरात इंजिनाचे भाग ओतणारी माणसं बसलेली असताना आपण टेबलाचे बिडाचे पाय बाहेरून मागवतो. मी एकदा चौकशी केली. चार पायांसाठी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करणं परवडत नाही म्हणाले, निदान पन्नास घ्या. पन्नास घेणारे मिळाले की तो वेगळा लेख लिहीन.

आता तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारलंय ते. सोप्यातला सागवानी झोपाळा काढून मुलाला तिथं टीव्ही युनिट करायचंय, आणि कड्या जुन्या झाल्यात म्हणून झोपाळा धोक्याचा आहे, असं तो म्हणतो. एवढी सगळी प्रतिक्रिया या एका ओळीसाठी लिहिलीत की काय, अशी मला शंका आहे! फोटो बघितला. टीव्ही समोरच्या कोनाड्याच्या भिंतीवर लागतो, युनिटची गरजच नाही. केबल खुंटीच्या रेषेनं खाली आणता येईल. पण कड्यांबद्दल मुलगा चुकीचं बोलत नाही. डावीकडची कडी गळ्याशी झिजलेली दिसते, दोन्ही बदलून घ्या. त्याआधी शिडी लावून कुणाला तरी तुळईवर चढवा. कडी जिथं आत गेलीय तिथं स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यानं ठोकून बघायला सांगा. टणक वाजलं तर झोपाळा राहू दे. भुसभुशीत वाजलं किंवा मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर वाळवी आहे. मग मात्र त्या झोपाळ्यावर कुणालाही बसू देऊ नका, आणि मुलाला माझा नंबर द्या.