आप्पांच्या सहीच्या बारा पावत्या

धाकटा भाऊ अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे. परवा त्याचा फोन आला, "दादा, हाई खरं शे का?" आणि मागोमाग शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज. विचारायच्या आधीच त्याने आप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, घरभाड्याच्या बारा पावत्यांवर सह्या घेऊन ठेवल्या होत्या. राहतो आप्पांच्याच घरात, भाडं एक रुपया देत नाही. मी जळगावात पगारबिलांचं काम करतो, दर फेब्रुवारीला असे मेसेज बघतो. पण या वेळी तो आमच्या घरात शिरला, म्हणून लिहितोय.

मेसेज असा: "घरभाडे भत्ता मिळतो म्हणजे करसूट हक्काचीच. वडिलांच्या नावाने महिना ८,३०० च्या पावत्या लावा, वर्षाला लाखाच्या आत असलं की पॅन लागत नाही. वडील शेतकरी असतील तर भाडं हे शेतीचं उत्पन्न, त्यांनाही कर नाही. नवीन करप्रणालीतही चालतं. घरकर्ज असेल तर मात्र ही सूट विसरा."

सगळ्यात आधी शेतीच्या उत्पन्नाचं बोलतो, कारण खान्देशात घरोघरी बाप शेतकरी आहे आणि हे वाक्य तिथेच नेम धरून मारलंय. कापूस विकून आलेला पैसा शेतीचा. गावातलं घर नोकरदाराला राहायला दिलं तर त्याचं भाडं शेतीचं कसं होईल? शेतात पेरणीसाठी, राखणीसाठी लागणाऱ्या घराची गोष्ट कायद्यात वेगळी आहे. हे भाडं आप्पांचं घरमालमत्तेचं उत्पन्न ठरतं, त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. बाकी उत्पन्न नसेल तर आप्पांना कर लागणारही नाही, पण तो मूळ सवलतीमुळे. आणि इथे तर भाडंच नाही! सत्तरीच्या माणसाला न मिळालेल्या पैशाची पावती लिहून द्यायला लावायची, याचा मला जास्त राग आहे. उद्या विचारणा झाली तर "पैसे मिळाले का?" हे आप्पांना विचारतील, मेसेज पाठवणाऱ्याला नाही.

भत्ता मिळणं आणि त्यावर सूट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी. २०२५-२६ च्या उत्पन्नाला लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम १०(१३अ) खालचं स्पष्टीकरण सरळ सांगतं की घर स्वतःच्या मालकीचं असेल किंवा भाड्याचा खर्च प्रत्यक्ष झालाच नसेल, तर सूट नाही. एवढं एक वाक्य वाचलं असतं तरी अर्धा मेसेज गळून पडला असता.

वडिलांना भाडं देता येतं, हे मात्र खरं, मान्य करतो. पण खरंच द्यावं लागतं: दरमहा बँकेतून, शक्यतो करार करून, आणि वडिलांनी ते उत्पन्न दाखवून. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणापुढे आईला भाडं दिल्याचा दावा आला होता. भाडं रोख दिल्याचं सांगितलेलं, करार नाही, बँकेत त्याचा माग नाही. दावा फेटाळला गेला.

पॅनची मर्यादाही खरी आहे. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं तरच कार्यालयाला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. त्याखाली खोटं चालतं असं कुठे लिहिलंय? सवलतींचा तपशील कार्यालयाला द्यायच्या फॉर्मवर (२०२५-२६ साठी १२-बीबी) सही तर तुमचीच असते.

आता २०२५-२६ चा हिशेब. मूळ पगार आणि निवृत्तिलाभात धरला जाणारा महागाई भत्ता मिळून महिना ६०,००० धरू, घरभाडे भत्ता ४,०००. मिळालेला भत्ता, पगाराच्या १० टक्क्यांवरचं भाडं, आणि आपल्याकडे पगाराचे ४० टक्के (मुंबईत ५०), या तिन्हीत जे कमी तेवढीच सूट. पगाराचे १० टक्के म्हणजे वर्षाला ७२,०००. ९९,६०० चं भाडं दाखवून सूट २७,६००. जुन्या (म्हणजे अशा सवलती मिळणाऱ्या) करप्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात कर वाचतो उपकरासह ५,७४० च्या आसपास. आणि महिना ६,००० किंवा त्याहून कमी भाडं असेल तर सूट शून्य! उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर कलम २७०अ खाली दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के, म्हणजे जवळपास साडेअकरा हजार. कर आणि व्याज वेगळं.

नवीन प्रणालीत ही सूट नाहीच. पण २०२५-२६ साठी त्याच प्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत करच लागत नाही. भावाचा वर्षाचा पगार आठ लाखांच्याही आत आहे. जो कर त्याला भरायचाच नाही, तो वाचवायला आप्पांच्या सह्या!

घरकर्जाचंही चूक. जळगावात कर्जाचं घर आणि नोकरीसाठी नंदुरबारला भाड्याची खोली असेल, तर जुन्या प्रणालीत दोन्ही सवलती मिळू शकतात.

भावाला सांगितलंय, उद्या शाळेच्या बाबूकडे नवीन प्रणालीचा पर्याय लिहून दे. बारा पावत्या आप्पांनी स्वतःच्या हाताने चुलीत घातल्या.