इंडीला जाऊन आलो

"इंडी? विजापूरजवळचं?" अण्णांनी पेपर खाली घेतला. "लिंबं चांगली असतात तिथली."

मी इंडी म्युझिक ऐकतो, एवढंच मी सांगितलं होतं. अण्णा म्हणजे माझे थोरले काका. वय ८१, मुक्काम जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर. गाणं म्हणजे ख्याल, ख्याल म्हणजे ग्वाल्हेरचा आणि बाकीचे नुसता घसा साफ करतात, असं त्यांचं मत. त्यांना समजावलं, की इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठी कंपनी नाही, सिनेमा नाही, आपल्या हिमतीवर गाणी करायची. कुणाच्या आश्रयाला नाहीत.

"म्हणजे कुणी आश्रय दिला नाही असे," अण्णा म्हणाले आणि पेपर पुन्हा वर गेला.

ज्या गावातलं घराणं शिंद्यांच्या पदरी वाढलं, तिथे यावर काय बोलणार?

माझा बँड चार पोरांचा आहे. नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही ऐकाल, तुम्हाला आवडेल, तुम्ही आणखी चौघांना सांगाल, आणि मग तो माझा राहणार नाही. ही भीती उगाच नाही. मला ते सापडले तेव्हा त्यांच्या व्हिडिओखाली एकोणीस कॉमेंटी होत्या. त्यातल्या पाच माझ्या आणि एक बहुतेक ड्रमरच्या आईची. गेल्या उन्हाळ्यात बाड्यावर, म्हणजे आमच्या बाजारचौकात, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या पोराच्या फोनवर त्यांचंच गाणं वाजत होतं. गच्चीवरून मांजर पडतं, त्या रीलवर. आनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. घरच्या लोणच्याची बरणी शेजाऱ्यांच्या पंगतीत फिरताना दिसावी तसं वाटलं.

"हा कुठला बँड, माहीत आहे का?" मी त्याला हिंदीत विचारलं.

"बँड? भैया, ये तो बिल्लीवाला गाना है."

नवा अल्बम शुक्रवारी येतो. २०१५ च्या जुलैपासून जगभर तोच वार ठरलाय. त्याआधी अमेरिकेत मंगळवार असायचा, इंग्लंडात सोमवार. म्हणजे गुरुवारी रात्री बाराला मी पांघरुणात, कानात इअरफोन. मधेच एखादी ओळ आवडून हसलो, की अंधारातून प्रश्न येतो, "कोण आहे हो?" बरं, अल्बम येतो म्हणजे उरलेला येतो. नऊपैकी पाच गाणी सहा महिने एकेक करून आधीच सोडलेली असतात. लग्नघरी आचाऱ्याजवळ उभं राहून चाखत बसलेल्या माणसाला पंगतीत भूक कुठून लागणार?

पण नुसतं फोनवर ऐकून या पोरांच्या हाती चिल्लर पडते. त्यांचं घर चालतं ते तिकिटांवर, टी-शर्टांवर आणि एलपीवर. म्हणून मी एलपी मागवली, मिनिटाला ३३ फेऱ्यांनी वाजणारी मोठी तबकडी. आमच्याकडे प्लेयर नाही. अण्णांकडे आहे, चार वेगांचा, आणि त्याचा खटका कित्येक वर्षांत ७८ वरून हललेला नाही. मी आत चहा ठेवायला गेलो तेवढ्यात अण्णांनी उत्साहानं तबकडी लावलीसुद्धा. चहा घेऊन आलो तर खोलीत चार उंदीर हातघाईवर आले होते. अण्णा डोळे मिटून, मांडीवर बोटानं ताल धरून बसलेले. थांबवायचा धीर झाला नाही. आठ-नऊ मिनिटांत अख्खी बाजू संपली.

"द्रुत बरी आहे," अण्णा म्हणाले. "विलंबित नाही गात का ही मंडळी?"

विलंबित म्हणजे संथ. मी खटका ३३ वर आणून तीच बाजू पुन्हा लावली. अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं.

"आता झोपले."

खरा छळ टूरचा. पोस्टर येतं, त्यावर शहरांची यादी असते, आणि ती वरून खाली वाचताना मी शेवटच्या ओळीपर्यंत श्वास धरतो. मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्ली हे आहेतच. एकदा खाली भोपाळ होतं. लोकांनी लिहिलं, चला, मध्यप्रदेशची सोय झाली. अहो, भोपाळ आम्हाला दिल्लीपेक्षा लांब! प्रत्येक पोस्टरखाली मी न चुकता 'कम टू ग्वालियर' लिहितो. सहा वर्षं लिहिल्यावर एकदा खुद्द बँडचं उत्तर आलं. एकच शब्द. मी उड्या मारत स्वयंपाकघरात गेलो, "आई, बँडनं उत्तर दिलं! 'सून' म्हणाले!"

"कुणाची?" आईनं विचारलं.

गावाला गाण्याचं वावडं असतं तर गोष्ट वेगळी. युनेस्कोनं २०२३ मध्ये ग्वाल्हेरला संगीताचं शहर ठरवलं. त्याच डिसेंबरात किल्ल्यावर १२८२ तबलजी एका वेळी बसले आणि गिनीज बुकात गेले. तिथे एका बास गिटारला जागा होऊ नये? एके काळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठी घरदार सोडून इकडे आले, वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले आणि ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात घेऊन गेले. मी त्याच गावात राहून गाणं ऐकायला दिल्लीची गाडी पकडतो.

तर गेल्या वर्षी दिल्ली. तिकीटविक्री दुपारी बरोबर बाराला. मी बँकेत नोकरीला, तीन नंबरच्या खिडकीवर. महिना नोव्हेंबर, म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा. समोर बाकांवर पेन्शनर, माझ्या मांडीवर फोन. बाराला साइट उघडली तर पडद्यावर आलं: आपण रांगेत आहात, आपल्यापुढे २३४१ जण. खिडकीशी एक आजोबा आले आणि त्यांनी अंगठा मशीनवर ठेवला. मशीन त्यांना जिवंत मानेना.

"पुन्हा ठेवा."

माझे १९०७ झाले.

"पुसून ठेवा, आजोबा."

१२२०.

"दुसरं बोट बघू."

आजोबा काचेवरून वाकले. "तुमचा कितवा?"

"आठशे," मी गडबडीत बोलून गेलो.

"माझा पाचवा होता, तरी तास गेला." त्यांनी कीव केल्यासारखं पाहिलं. "तुमचंही हयातीचंच का?"

एका अर्थी हयातीचंच होतं. चौथ्या बोटाला मशीननं हिरवा दिवा दिला, आजोबा जिवंत ठरले, आणि पुढच्या दोन मिनिटांत मलाही तिकीट मिळालं. १९९९ रुपये, वर सुविधा शुल्क २६१. सुविधा कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

तारीख पाहिली आणि पोटात गोळा आला. तानसेन समारोहाचे दिवस! १९२४ पासून चाललेला हा उत्सव अण्णांनी कळत्या वयापासून चुकवलेला नाही, आणि त्यांचे गुडघे गेल्यापासून त्यांना हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी स्कूटरवर नेणं हे माझं काम. खरं सांगायची छाती नव्हती. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू-हस्सू खाँनी बडे महंमद खाँचं गाणं पडद्याआड लपून ऐकलं आणि उचललं, ही आख्यायिका अण्णाच कौतुकानं सांगतात. चोरून ऐकणं घराण्यातच आहे म्हटल्यावर मी घरात सांगून टाकलं, "शनिवारी दिल्लीत ऑडिट आहे. रविवारी सकाळच्या बैठकीला नेतो."

ऑडिटला जाणाऱ्या नवऱ्याला हिनं दशम्या, लसणाची चटणी आणि 'ऑडिटरसाहेबांना' म्हणून मुरैन्याच्या गजकेचा डबा दिला. मुरैना गेलं, चंबळचे बेहड लागले आणि फोनचं नेटवर्क गेलं. पूर्वी इथे माणसं लुटायचे, आता नुसता सिग्नल लुटतात.

गेटवरच्या गार्डनं पिशवी उघडून फडकं सोडलं. "अंकल, बाहर का खाना अंदर नहीं जाएगा." शेजारी टाकाऊ वस्तूंचा ड्रम होता. त्यात अर्धवट बाटल्या, अत्तरं, चिप्स. त्यात दशमी टाकायची? हिनं दूध घालून मळलेली, कडेला जरा करपलेली, अजून फडक्यातल्या उबेनं मऊ असलेली? मी फुटपाथवर मांडी घालून चारही दशम्या चटणीसकट संपवल्या. आत पाहुणा बँड गात होता, बाहेर मी घास मोजत होतो. गजक मात्र ऑडिटरची होती. तिथे तपासणी करणारा एकच माणूस हजर होता, त्याला दिली. त्यानं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि माझ्या मनगटावर प्रवेशाचा शिक्का असा मनापासून दाबला, की एवढ्या ठळक शाईचं घुबड त्या रात्री दुसऱ्या कुणाच्या हातावर नसेल.

तिकिटावर पाच वाजता लिहिलं होतं, बँड नऊ चाळीसला आला. बसायला काही नाही. सगळी पोरं बाविशीतली. शेजारच्या मुलीनं विचारलं, "अंकल, आप किसके साथ आए हो?" अकेला, म्हटल्यावर तिला एकदम घरी फोन करावासा वाटला असावा. तिनं केलाही. नव्या अल्बममधलं गाणं लागलं, की लोक पाणी प्यायला जायचे. त्या मोकळ्या जागेत मी एकटा शब्दन् शब्द म्हणत उभा. मग मांजराचं गाणं लागलं आणि सगळे फोन वर गेले. पुढे एक ताडमाड मुलगा होता. त्याच्या फोनच्या पडद्यावर मला स्टेज स्वच्छ दिसलं. २२६० रुपये भरून मी शेवटी बँड फोनवरच पाहिला.

"दिल्ली, तुमच्यासारखं पब्लिक कुठेच नाही," गायक म्हणाला. हे तो पुण्यातही म्हणाला होता, मी व्हिडिओ पाहिलाय. मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "ग्वालियर!" शेजारची मुलगी दचकली. ड्रमरनं आमच्या बाजूला बघितलं. निदान मला तसं वाटलं.

एक गाणं मात्र सांगायला हवं. संथ आहे, लोकांना आवडत नाही. त्याचा बासचा पहिला सूर लागला तो कानात नाही, थेट फासळ्यांत. इअरफोनमध्ये हा सूर येतच नाही. लहानपणी अण्णा तंबोरा जुळवताना माझा तळवा भोपळ्यावर ठेवायचे, तेव्हा हाताला अशी झिणझिण यायची. ते गाणं पाच मिनिटांचं होतं. तेवढा वेळ पाय दुखत नव्हते.

नंतर दुखले. परतीची गाडी धुक्यात तीन तास अडकली. साडेआठला घरी पोचलो तर अण्णा माकडटोपी घालून, काखेत बसकर घेऊन दारात तयार.

"झालं ऑडिट?"

"झालं."

हजिऱ्याला दहाची बैठक सुरू होत होती. मांडवात अण्णांनी बसकर पसरलं, शेजारी थोपटून म्हणाले, "बस." मी बसायला गेलो आणि अर्ध्यात अडकलो. गुडघे वाकेनात. शेवटी खांबाला धरून त्यांच्यामागे उभा राहिलो.

"उभ्यानं होतं का रे ऑडिट हल्ली?"

मी काही बोललो नाही. खांबावर हात होता, बाही वर सरकली होती आणि जांभळं घुबड टक लावून अण्णांकडे बघत होतं. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग समोर. गायकानं षड्ज लावला. तंबोरे भरून आले.

"विलंबित गायले का?" अण्णांनी मान न वळवता विचारलं.

"एकच."

"एकच?"

"सगळे उभे होते, अण्णा."

अण्णांनी जरा विचार केला.

"हं," ते म्हणाले. "उभ्यानं नाही झेपत विलंबित."