खेळतो म्हणे!

दर वेळी तेच! शारीरिक हालचालींचे आकडे आले की हळहळ सुरू, तीही सोफ्यावर लोळत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांकडून मागते काय, तर आठवड्याला किमान १५० मिनिटं. दिवसाला जेमतेम २२! तरी २०२२ मध्ये जगातले ३१ टक्के प्रौढ नापास. २०१० मध्ये २६ टक्के होते. आणि हे लोकांनी स्वतःच दिलेल्या उत्तरांवरून, बरं का. परवा आमच्या एका मित्राने अशाच प्रश्नावलीत ‘नियमित खेळतो’वर ठसठशीत खूण केली. शेवटची रॅकेट कधी धरली होतीस? आठवेना. कव्हरची चेन गंजलेली, ओढली तर हातातच आली. वर मलाच विचारतो, ‘मॅच बघतो ते धरत नाहीत का?’