सही आपलीच, तरीही

चुलतभावाने जमिनीचं साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, केलंय आणि मालक आता मागे सरतोय. फोनवर भाऊ एकच म्हणतो, "ताई, सही केलीय ना? मग खरेदीखत करून द्यायलाच हवं." कायदाही आता बराचसा त्याच्या बाजूने आहे. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं, म्हणजे करार प्रत्यक्ष पाळायला लावण्याबद्दलच्या भारतीय कायद्याचं, जुनं कलम 20 न्यायाधीशाला मोकळीक द्यायचं. करार वैध असला, तरी तो पाळायला लावल्याने सही करणाऱ्याचे कल्पनेपलीकडचे हाल होणार असतील, तर तसा हुकूम नाकारता येई. 2018 च्या दुरुस्तीने ती मोकळीक काढून घेतली.

भावाची चीड मला कळते. भाव वाढला की शब्द फिरवणारे मालक मीही पाहिलेत, कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे खरेदीदारही. पण दुखणं होतं उशिराचं, आणि बांधले न्यायाधीशाचे हात.

मी ऑस्ट्रेलियात राहते. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात घरभाड्याच्या करारावर न वाचता सह्या केल्या होत्या, म्हणून 1983 चा अमाडिओ खटला मला जवळचा वाटतो. इटलीहून आलेलं वृद्ध जोडपं, इंग्रजी जेमतेम. मुलाच्या बांधकाम कंपनीसाठी त्यांनी बँकेला आपली एक इमारत गहाण टाकली. जबाबदारी 50,000 डॉलर आणि सहा महिन्यांपुरतीच, असा त्यांचा समज. कागदावर मर्यादाच नव्हती. कंपनीची बिकट अवस्था बँकेला ठाऊक होती, यांना नव्हती. इथल्या सर्वात वरच्या न्यायालयाने ते गहाणखत रद्द केलं. सही त्यांचीच होती, जबरदस्तीही कुणी केली नव्हती. तरी समोरच्याची अडचण दिसत असताना तिचा फायदा उठवणं समन्यायाला, म्हणजे इक्विटीला, चालत नाही.

फसवणूक झाली किंवा गैर दबाव आला तर भारतातही 1872 च्या करार कायद्याचा आधार आहेच. आणि सहीच्या मागे जाऊन बघणं आपल्याला परकं कुठे आहे? 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. मग 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्यामागचा मूळ व्यवहार तपासायला लावलं.

मालक मागे का सरतोय, असं मी भावाला विचारलं. भाव वाढला म्हणून, की राहतं घरही त्याच जमिनीत जाणार म्हणून? पहिल्या कारणाला मीही दयामाया दाखवणार नाही. दुसरं असेल, तर भावाला पैशात भरपाई मिळावी आणि घर वाचावं, असं मला मनापासून वाटतं. जुन्या कलमात तेवढी जागा होती.